पाचव्या पट्टीवरची खरखर

आमच्या शेजारच्या दुकानात फॅनबेल्ट हवा असेल तर आधी कान द्यावा लागतो. दुकान ट्रकच्या स्पेअर पार्टचं, नळदुर्गात ऐन हायवेवर. मालक शिवलिंगप्पा, म्हणजे सगळ्यांचे आप्पा. काउंटरमागं ते मांडीवर एक भलंमोठं गिटार घेऊन, त्याच्या लाकडाला हनुवटी टेकवून, डोळे मिटून बसलेले असतात. हैदराबादकडं निघालेला ड्रायव्हर घाईत असतो. आप्पा डोळे न उघडता म्हणतात, "बेल्ट देतो. आधी सांगा, हितं खरखर होतंय का?" ड्रायव्हर बिचारा वाकून ऐकतो. हो म्हटलं तरी पंचाईत आणि नाही म्हटलं तरी, कारण दोन्हींवर आप्पांकडं भरपूर बोलण्यासारखं असतं.

माझं मेडिकल त्यांच्या भिंतीला लागून, त्यामुळं मला रोजचंच बोलावणं. औषधं विकणाऱ्या माणसाला ते डॉक्टर म्हणतात आणि मीही कधी दुरुस्त करत नाही.

हे गिटार साधं नाही, बेस आहे. वीज न लागता वाजतो. चारच तारा, पण एकेक तार चांगली सुतळीएवढी, आणि आवाज असा की वरच्या मजल्यावर कुणीतरी सावकाश चालतंय. तरुणपणी आप्पा एका ऑर्केस्ट्रात होते. लग्नं, जत्रा, गणपती. पुढं गावोगाव डीजे आले, ऑर्केस्ट्रा मोडला, गाणारे-वाजवणारे पोटापाण्याला पांगले. बेस तेवढा आप्पांकडं राहिला. आता एकट्या बेसवर गाणं होत नाही. दुसरं कुणी गावं लागतं, तेव्हा खालून ह्याची साथ. हे मी एकदा त्यांना सांगायला गेलो तर म्हणाले, "डॉक्टर, तुमी गोळ्या विका."

तर ती खरखर. गिटाराच्या दांडीवर धातूच्या बारीक पट्ट्या आडव्या ठोकलेल्या असतात. बोटानं तार पट्टीवर दाबायची आणि छेडायची. आप्पांच्या बेसवर जाड तार पाचव्या पट्टीवर दाबली की सुरासोबत डब्यात सापडलेल्या माशीसारखा आवाज यायचा. आप्पांचं निदान पक्कं होतं. पाचवी निर्दोष आहे. पुढची सहावी उंच झालीय आणि तार तिला घासतेय. "वरडतो एक अन् दोष पुढच्याचा," असं ते काउंटरवर बोट आपटून सांगायचे.

गिटारापुरतं हे ठीक होतं. पण आप्पांनी त्यावर सगळा संसार मोजायला घेतला. नळाला पाणी कमी आलं, दोष पुढच्या गल्लीतल्या मोटारीचा. एसटी उशिरा आली, दोष पुढच्या स्टँडचा. एखादा ड्रायव्हर बेअरिंग मागायला आला की ते त्याच्या पुढचा पार्ट हातात ठेवायचे आणि तो दोन दिवसांनी शिव्या देत परत आणायचा. माझं बीपी वाढलं तेव्हा मला म्हणाले, "तुमचा दोष न्हाय डॉक्टर. पुढच्या खोलीत कोन ऱ्हातंय ते बघा." हे माझ्या बायकोनं ऐकलं. त्यानंतर बरेच दिवस आप्पांचा आमच्याकडचा चहा बंद होता.

सहावीला त्यांनी कानस लावली. आधी स्टीलच्या फूटपट्टीचा तुकडा पाचवी, सहावी, सातवी अशा तिघींवर आडवा ठेवायचा; डुगडुगला की मधली उंच. मधलीला मार्करनं काळं करायचं आणि काळं जाईपर्यंत घासायचं. खरखर गेली. आप्पांनी मला पेढा दिला. दुसऱ्या दिवशी सहावीवर दाबलं तर तिथं खरखर, कारण ती खाली गेली आणि आता सातवी उंच ठरली. सातवी घासली, आठवी बोलू लागली. अशी आप्पांची कानस पट्टी-पट्टीनं दांडी चढत गेली आणि दांडी संपून गिटाराचं पोट लागलं तेव्हाच थांबली. मला वाटलं, सुटलो.

मे महिना आला. आमच्याकडं मेमध्ये दाराच्या फळ्यासुद्धा आकसतात आणि कडी आपोआप खाली पडते. दुपारी रस्ता ओस होता. आप्पांनी हाक मारली, पण नेहमीसारखी नाही. पाचव्या पट्टीवरची खरखर परत आली होती.

त्यांनी मला सहावीच्या कडेवर लाकडाची चकती दाबून धरायला सांगितली आणि तार छेडली. सूर स्वच्छ. चकती उचलली, खरखर. पुन्हा दाबली, स्वच्छ. मग त्यांनी फिलर गेज काढलं. इंजिनातली फट मोजायची पातळ पात्यांची ती जुडी असते. त्यातलं सगळ्यात पातळ पातं सहावीच्या कडेखाली सरकवलं. ते अलगद आत गेलं. आप्पांनी ते बाहेर काढून पुन्हा एकदा सरकवून बघितलं.

"ही उंच न्हवतीच," ते म्हणाले. "उन्हानं लाकूड आकसलं अन् ही नुसती उचलली गेलती. दाबून बसवायची होती. म्या कानस लावली."

मी म्हणालो, म्हणजे पुढच्या सगळ्या फुकटच घासल्या की. मला हसू आलं होतं. आप्पा हसले नाहीत, तेव्हा मीही आवरलं. जरा वेळानं विचारलं, आप्पा, कशासाठी एवढा खटाटोप करताय? ऐकणारं कोण आहे?

"अक्काचं गाणं ह्याच सुरावर टेकतं," आप्पा म्हणाले. "खरखर झाली की तिचा आवाज तुटतो. मग ऐकूच येत न्हाय मला."

अक्का म्हणजे त्यांची बायको; सगळेच तिला अक्का म्हणायचे, म्हणून आप्पाही. माहेर सीमेपलीकडचं, बोलणं कानडी. दुपारी डबा घेऊन यायची, शटर अर्धं खाली व्हायचं आणि भिंतीतून मला तिचं देवाचं गाणं ऐकू यायचं, खाली आप्पांचा बेस. अक्का गेली त्याला आता काही वर्षं झाली. ते गाणं आप्पांसाठी अजून चालू असेल हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

मी माझ्या दुकानातून इन्सुलिनची सिरिंज आणली. तिच्यात झटपट चिकटणारा गोंद भरून सुईनं पट्टीखाली थेंब सोडला. आप्पांनी वर चकती ठेवून क्लॅम्प आवळला. ती पट्टी आता थोडी बुटकी झालीय, तिच्यावर दाबलं तर आवाज बसका येतो. पण तो सूर अक्काच्या गाण्यात लागत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी क्लॅम्प काढला. आप्पांनी शटर अर्धं खाली ओढलं, मला ऑइलच्या रिकाम्या डब्यावर बसवलं आणि वाजवायला लागले. धुम्, धुम्, मग लांब गप्प. पुन्हा दोन सूर, पुन्हा गप्प. पाचवीवरचा सूर आला तेव्हा तो निर्मळ होता आणि आप्पांचा चेहरा सैल पडला. मला गाणं काही कळत नव्हतं. मी फक्त त्यांच्या ओठांकडं बघत होतो. ते कानडी शब्द बिनआवाजी म्हणत होते.

कडवं संपत आलं तसं त्यांचं बोट तारेवर नुसतंच टेकून राहिलं.

"हितं ती मागं पडायची," ते हळू म्हणाले. "दम पुरत नसायचा तिला. म्या थांबत न्हवतो. ताल सोडती म्हणून लई बोलायचो." मग म्हणाले, "आता थांबतो."

माझ्या दुकानासमोर कुणीतरी मोटारसायकल लावून मेडिकलवाले, मेडिकलवाले करत होतं. मी उठलो नाही. अक्काचा दम पुरा होईपर्यंत आम्ही दोघंही थांबलो.