चार नंबरचा मालक

दुपारी एक वाजता तैपेईतल्या प्रयोगशाळेची डिस्क तुडुंब भरली आणि तिथली तंत्रज्ञ च्यांग मेइ-श्वेन डबा अर्धा टाकून उठली. यंत्रावर सात महिन्यांच्या बाळाचं रक्त चढवलेलं होतं. त्याच्या डीएनएचं वाचन तीन वाजल्यापासून येऊ लागणार, आणि साठवायला जागा नसेल तर सगळं वाया. औषध कोणतं द्यायचं ते त्यावरच ठरणार होतं, आणि त्या एवढ्याशा जिवाचं पुन्हा रक्त काढायला डॉक्टर तयार नव्हते.

तिने साठ्याची यादी उघडली आणि तिच्या अंगावर काटा आला. चार, चौदा, चोवीस या नंबरांच्या ओळी गच्च भरलेल्या! चिनी भाषेत 'चार' आणि 'मरण' यांचा उच्चार जवळजवळ सारखाच, म्हणून चार हा मरणाचा आकडा. आजाऱ्याच्या नळीवर तो कुणी लिहीत नसे. त्या ओळींकडे बघायचंही नाही, म्हणून इतकी वर्षं कुणी त्या उघडल्याच नव्हत्या. सगळ्यांत एकाच माणसाचं वाचन होतं.

"कोण आहे हा?" प्रयोगशाळेचे प्रमुख वेइ साहेब यांनी विचारलं.

"क्वो काका."

साहेबांच्या हातातला चहा हिंदकळला. ही यादी सांभाळणारं सॉफ्टवेअर क्वो काकांनी लिहिलं होतं, मेइ-श्वेनला हाताला धरून शिकवलं होतं, आणि गेल्या वर्षी याच भुतांच्या महिन्यात, मेलेले परत येतात आणि त्यांच्यासाठी फळं मांडतात त्या दिवसांत, ते वारले होते.

"पुसून टाक!"

तिने पुसलं. मिनिटभरात चार नंबर आपोआप भरला. मग चौदा.

"अगं, बाहेर टेबलावर फळं मांडलीत ना त्यांच्यासाठी?"

"मांडलीत की. पण त्यांना फळं नकोत साहेब, डिस्क हवीय."

तिने सॉफ्टवेअरच्या आत डोकावलं. काकांची टीप होती, 'नंबर रिकामा दिसला तर माझं वाचन भरावं. यादीत भोक नको.' चाचणीसाठी त्यांनी स्वतःचीच थुंकी दिली होती.

"म्हणजे नंबराला मालक हवा," ती म्हणाली. "बाळाला देऊ?"

"जीभ आवर!"

"मग तुमच्या नावावर करू?"

साहेबांनी खुर्ची भिंतीपर्यंत मागे नेली. पावणेतीन झाले होते.

"चारने ज्याचं आता काही बिघडत नाही, असा एकच माणूस आहे," मेइ-श्वेन म्हणाली. तिने सगळे चारवाले नंबर रीतसर काकांच्या नावावर चढवले, फोन नंबरासकट. मग तिथल्या रिवाजाप्रमाणे, यंत्राने शहाण्यासारखं वागावं म्हणून सर्व्हरवर ठेवलेलं कुरकुऱ्यांचं हिरवं पुडकं हातात धरून ती पुटपुटली, "काका, सगळे चार तुमचे. जागा तेवढी बाळाला द्या." आणि तिने वाचन पुसलं.

एक मिनिट गेलं. दोन गेली. ओळी रिकाम्याच राहिल्या. तीनला बाळाचं वाचन सरसर उतरू लागलं आणि मेइ-श्वेनला रडू आवरेना. काकांची तिला फार आठवण आली.

दोन दिवसांनी डॉक्टरांचा फोन आला. बाळाचं औषध सापडलं होतं. साहेब खुशीत पुन्हा चहा ओतत होते, तेवढ्यात पडद्यावर एक ओळ सरकली. ज्याच्या नावावर नंबर आहे पण वाचन नाही त्याला सॉफ्टवेअर आपणहून निरोप धाडत असे. तसा तो गेला होता, काकांच्या वर्षभर बंद असलेल्या फोनवर.

'आपला नमुना मिळाला नाही. शुक्रवारी सकाळी दहाला स्वतः येऊन द्यावा.'

दोघं बघत असतानाच निरोपाखाली बारीक अक्षरांत उमटलं, 'वाचला.'

साहेबांनी शुक्रवारची रजा टाकली. मेइ-श्वेनने मात्र दहाच्या आधीच एक कोरी नळी टेबलावर मांडली, शेजारी हिरवं पुडकं ठेवलं, आणि जन्मात पहिल्यांदा, न कचरता, नळीवर चार लिहिलं.