दामल्यांचा काळा बिल्ला

दामल्यांच्या हातात कुठलीही वस्तू द्या, ते आधी ती उलटी करतात. आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला मी बायकोला हौसेने एक जुना ब्रूच दिला होता. दामल्यांनी खिशातून भिंग काढलं, ब्रूच पालथा घातला आणि म्हणाले, "वहिनी, पाठ बघायची. पिन नवी आहे." मी तो शंभर वर्षांपूर्वीचा म्हणून दिला होता. पुढचे दोन दिवस मी घरात कसे काढले ते माझं मला ठाऊक.

मुकुंद दामले इथे परदेशात, वन-नॉर्थ भागातल्या माझ्याच ऑफिसात, आणि कॉन्डोत माझ्या वरच्या मजल्यावर. माणूस पुण्याचा, पन्नाशीचा, एकटा. आणि छंद काय, तर दुसऱ्या महायुद्धातले जर्मन लष्करी बिल्ले. त्यातही फक्त जखमी सैनिकांना मिळायचे ते. थोडक्यात निभावलं तर काळा, जास्त लागलं तर चंदेरी, आणि पारच वाट लागली असेल तर सोनेरी. "त्या राजवटीचं मला काडीचं कौतुक नाही," ते बजावतात. "पण बाजारात नकली मालाचा सुळसुळाट आहे, आणि मला खोटं खपत नाही." हे तर इथल्या सगळ्या मराठी मंडळींना माहीत आहे. कुणाचं मन राखायला नुसतं 'छान' म्हणणंही त्यांना जमत नाही.

त्यांच्या एका काळ्या बिल्ल्यावरून मात्र दोन वर्षं वाद चालू होता. इथल्याच तांजोंग पगार भागात नोकरी करणारा लिम, तोही तसलाच वेडा, हा बिल्ला नकली आहे म्हणायचा. दामल्यांनी वजन केलं, पाठीवरचा कारखान्याचा नंबर पडताळला, काळ्या रंगाचा कण न् कण तपासला. "रंग मूळचाच आहे. लिमच्या तोंडून वदवून घेतल्याशिवाय मी राहणार नाही," हे ते लिफ्टमध्येसुद्धा सांगायचे. अखेर लिम रविवारी सकाळी यायला कबूल झाला. साक्षीदार म्हणून मला बोलावणं आलं.

तेव्हा दामल्यांच्या आई पुण्याहून आल्या होत्या. वय ब्याऐंशी, गुडघे गेलेले. "ही माझी शेवटची खेप. आता विमानात बसवत नाही," असं त्यांनी आल्या दिवशीच जाहीर केलं होतं. मंगळवारी त्या परत निघणार होत्या.

रविवारी मी पोचलो तर दामले देवघरासमोर नुसते उभे. देवांपुढे तो बिल्ला, पिवळाधमक, वर हळदकुंकू वाहिलेलं.

"स्वस्तिक असलेली वस्तू अशी काळीकुट्ट ठेवतात का?" आई मला सांगू लागल्या. "चिंच-मीठ लावून काथ्याने घासला. आत चांगलं पितळ निघालं. स्वस्तिक जरा तिरकं बसलंय, पण चालायचंच."

दामल्यांनी जर्मनी, युद्ध, छळछावण्या, सगळं एका दमात सांगितलं. आईंनी ऐकून घेतलं. "त्यांनी पाप केलं, त्यात स्वस्तिकाचा काय दोष?" त्या म्हणाल्या. माझ्या मनात आलं, काळ्याचा सोनेरी झाला, म्हणजे त्या सैनिकाची जखम आईंनी परस्पर वाढवली की. पण दामल्यांचा चेहरा बघून हसायची छाती झाली नाही.

तेवढ्यात लिम आला. त्याने बिल्ला उलटा केला आणि नंबरावरून बराच वेळ बोट फिरवलं. "ओरिजिनल," तो हळूच म्हणाला. "बट नाऊ स्पॉइल ऑलरेडी, लाह." म्हणजे खरा, पण आता वाया गेला.

"काय म्हणतायत ते?" आईंनी विचारलं.

म्हटलं, दामले आता खरं ते सांगणार, आणि परतीच्या तोंडावर म्हातारीच्या जिवाला घोर लावून ठेवणार.

"म्हणतायत, इतका स्वच्छ बिल्ला आजवर बघितला नाही," दामले म्हणाले.

आई खुलल्या. "मग आण बाकीचे. जायच्या आधी सगळे लख्ख करून देते."

दामले आत गेले आणि पेटी घेऊन आले. त्यातला एक काळा बिल्ला त्यांनी आईच्या तळहातावर ठेवला आणि पेटी बंद केली. लिम बघतच राहिला.

"आत्ता एवढा एकच. बाकीचे पुढच्या खेपेला," दामले म्हणाले. "माझ्याच्याने नाही घासले जात, आई. तुलाच यावं लागेल."