मुरूम दुर्लक्ष कक्ष

सोर्यांग नगरपालिकेने गेल्या वसंतात असा ठराव केला, की यापुढे नोकरभरतीत कोणत्याही उमेदवाराच्या चेहऱ्यावरील मुरमांकडे लक्ष दिले जाणार नाही. ठराव एकमताने झाला, टाळ्या झाल्या, ओळीने उभं राहून फोटो निघाला. तो फोटो वेबसाइटवर टाकण्याआधी महापौरांच्या कपाळावरचे दोन मुरूम पुसून घेण्यात आले.

ठराव झाला म्हणजे अंमलबजावणी आली. ज्या गोष्टीकडे दुर्लक्ष करायचं ती कोणती, कुठे आणि किती, हे कागदावर नको का? नाहीतर मुलाखत घेणारा मुरूम सोडून भलत्याच गोष्टीकडे दुर्लक्ष करून बसायचा! म्हणून दुसऱ्या मजल्यावर, जन्मनोंदणीच्या शेजारी, तारुण्यपीटिका दुर्लक्ष कक्ष उघडला. कक्षप्रमुख क्वाक साहेब, कारकून मी, मेंग. एकवीस वर्षं झाली मला इथे. पुष्कळ मूर्खपणा मी शिस्तीत फाईल केला आहे, पण भिंग लागलेला हा पहिलाच.

नियमाप्रमाणे मुरमाचे प्रकार सहा. त्वचेच्या छिद्रात तेल आणि मेलेली कातडी अडकली आणि तोंड बंद राहिलं, की पांढरा. तेच तोंड उघडं राहिलं, की काळा. मग लाल पुळी, मग पू धरलेली पुळी, मग आतली टणक गाठ, आणि शेवटी पुवाची पिशवी. हे आम्हाला डॉक्टर योम नावाच्या बाईंनी येऊन शिकवलं. त्या म्हणाल्या, "काळा म्हणजे मळ नव्हे. हवा लागून रंग बदलतो. घासून जात नाही, उलट चिघळतो."

क्वाक साहेबांनी हात वर केला. "बाई, काळं दिसतं ना? मग मळच. पन्नास वर्षं तोंड धुतोय मी, मला सांगता?"

जमलेल्या विभागप्रमुखांत मतदान झालं. सात विरुद्ध एक मताने मळ ठरला आणि काळे मुरूम स्वच्छता विभागाकडे गेले. पू धरलेली पुळी सांडपाण्याकडे. टणक गाठ जमिनीखालच्या केबलवाल्यांकडे, कारण तीही खोल असते. पांढऱ्यांना मात्र कुठलाच विभाग मिळाला नाही. तोंड बंद ठेवणाऱ्यांबद्दल आमच्या कार्यालयात कधीच कुणाची तक्रार नसते.

एका सोमवारी या कक्षात प्यो सो-दाम आली. वय एकोणतीस. डोंगरातल्या वस्त्यांवर जाणाऱ्या फिरत्या वाचनालयात ग्रंथपालाची एकच जागा होती. दोनशे अकरा जणांनी लेखी परीक्षा दिली, त्यात ती दुसरी आली होती, आणि तिची मुलाखत दोन आठवड्यांनंतरच्या बुधवारी होती. चार वर्षं ती परीक्षार्थींच्या भाड्याच्या खोलीत, पाय पसरला तर दार उघडत नाही अशा जागेत, पाकिटातल्या शेवया खाऊन अभ्यास करत होती. आईने बजावून ठेवलं होतं, की यंदा नाही झालं तर गपगुमान मासळीबाजारात माझ्या गाळ्यावर येऊन बसायचं.

"काका, एकच आहे हो," ती म्हणाली. "हनुवटीवर. एवढ्यासाठी अर्ज करायचा?"

"नोंद नसलेल्या मुरमाकडे दुर्लक्ष करता येत नाही," मी म्हणालो. "मग त्याच्याकडे बघावं लागतं."

"मी त्यावर ती औषधाच्या दुकानातली पारदर्शक चकती चिकटवते ना. दोन दिवसांत बसेल."

"चकती म्हणजे माहिती दडवणं."

मागच्या टेबलावर क्वाक साहेब गालावर तीन चकत्या चिकटवून बसले होते. तिने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. अधिकाऱ्यांच्या चकत्या वैयक्तिक बाब समजाव्यात असं परिपत्रक आहे, ते मी तिला दाखवलं.

लाल पुळी, एक, हनुवटी, मध्यापासून डावीकडे. नोंद झाली. दाखल्याला तीन दिवस लागतात. गुरुवारी ती दाखला घ्यायला आली, तेव्हा साहेबांनी ताडून पाहण्यासाठी भिंग उचललं आणि खुर्चीतून अर्धे उठले.

"ही लाल कुठाय? हिच्यात तर पू आलाय!"

"साहेब, सोमवारी लाल होती. पिकली."

"म्हणजे खोटी माहिती दिलीस."

"अहो, पुळी आहे ती! तुमच्या शिक्क्यासाठी थांबणार आहे का?"

"शासन थांबलंय ना तुझ्यासाठी? मग तुझ्या पुळीला काय धाड भरली?"

दाखला रद्द झाला. प्रकरण सांडपाणी विभागाकडे गेलं. तिथला अभियंता सज्जन माणूस, पण त्याच्या तक्त्यात रोजचा प्रवाह लिटरमध्ये लिहायची जागा होती आणि ती रिकामी सोडता येत नव्हती. तो तीन वेळा मोजायला आला. चौथ्या वेळी शिक्का मारला, तोवर पुळी वाळून गेली होती.

आता पंचाईत झाली. हातात दाखला, पण तोंडावर पुळी नाही. नसलेल्या मुरमाचा दाखला बाळगणं हा आमच्याकडे गंभीर प्रकार आहे. पुळी नाही याची खात्री करायला त्रिसदस्यीय समिती बसली आणि तिघांनी आळीपाळीने ती जागा दाबून पाहिली. डॉक्टर योम बाईंनी मुरमांच्या प्रकारांच्या तक्त्याखाली ठळक अक्षरांत लिहून ठेवलं होतं, की हात लावू नका. तो तक्ता समितीच्याच मागे टांगलेला होता. मी पाहत होतो आणि इतिवृत्त लिहीत होतो.

दोन दिवसांत आतून टणक गाठ आली. केबलवाल्यांनी खोदकामाच्या परवानगीचा अर्ज हातात दिला. पोरीची झोप उडाली, जेवण तुटलं. तिसऱ्या सोमवारी ती आली तेव्हा नाकावर काळे, कपाळावर पांढरे, गालांवर लाल आणि पू धरलेल्या, हनुवटीवर ती गाठ, आणि जबड्याखाली पुवाची पिशवी. साहेब आनंदाने उभे राहिले.

"मेंग, बघितलंस? साही प्रकार! आपल्या कक्षाची पहिली संपूर्ण फाईल!"

"मी आले तेव्हा एक होती," सो-दाम म्हणाली. आवाज चढला नाही. "एक. घरी राहिले असते तर आज काहीच नसतं. हे बाकीचं सगळं तुमच्या कार्यालयाचं काम आहे."

"तसं असेल तर," साहेब म्हणाले, "उगमस्थान या रकान्यात तसं लिही. दोन प्रतींत."

खरं सांगतो, मला लाज वाटली. लाज वाटली आणि मी सहा ठिकाणी शिक्के मारले.

बुधवारी मुलाखत. मी फाईल घेऊन कोपऱ्यात बसलो होतो. पाच जणांचं मंडळ, प्रत्येक उमेदवाराला वीस मिनिटं. अध्यक्षांनी नियमाप्रमाणे यादी मोठ्याने वाचायला घेतली. "उमेदवाराच्या नाकावरील काळ्या मुरमांकडे मंडळ दुर्लक्ष करीत आहे." पाचही जणांनी नाकाकडे नीट पाहून घेतलं आणि सह्या केल्या. "जबड्याखालील पिशवीकडे मंडळ दुर्लक्ष करीत आहे." एका बाईंना ती दिसेना, तेव्हा सो-दामला मान वर करायला सांगितलं. बाई उठून जवळ आल्या, दिसली, मग सही झाली. दुर्लक्ष करता करता अठरा मिनिटं गेली.

उरलेल्या दोन मिनिटांत अध्यक्ष मायेने म्हणाले, "पाणी पितेस ना भरपूर? उशीचा अभ्रा बदलतेस?"

"हो," ती म्हणाली. "साहेब, मी एक सांगू? डोंगरातल्या सतरा वस्त्यांचा रस्ता मी बसने फिरून पाहिला आहे. म्हाताऱ्यांना मोठ्या अक्षरांतली पुस्तकं हवी आहेत. बर्फात गाडी वर चढत नाही, तेव्हा—"

घंटा वाजली.

निकाल शुक्रवारी लागला. जागा दुसऱ्याच कुणाला मिळाली. त्याचे गुण कमी होते, पण त्याच्या मुलाखतीत पूर्ण वीस मिनिटं शिल्लक होती. सो-दामच्या कागदावर 'नापसंतीचे कारण' या रकान्यात मुरूम लिहिता येत नाही, कायदा आहे. म्हणून तिथे लिहिलं होतं, 'कारणाकडे दुर्लक्ष करण्यात आले आहे.'

ती कागद घेऊन खाली निघाली, तेव्हा लिफ्टमध्ये मी बरोबर होतो. काहीतरी बोलायला हवं होतं. आम्ही इथे माणसाला भेटलो की आधी त्याच्या तोंडाबद्दल बोलतो, त्याला आपुलकी म्हणतात. मी म्हणालो, "पोरी, मनाला लावून घेऊ नकोस. पण चेहऱ्याकडे जरा बघ हं आता. तळलेलं सोड. तुझ्या भल्यासाठीच सांगतोय."

"काका," ती म्हणाली, "तीन आठवडे माझी फाईल तुमच्या हातात होती. मी लेखी परीक्षेत कितवी आले होते, सांगा बघू."

तिच्या हनुवटीवरच्या गाठीची लांबी-रुंदी मला पाठ होती. क्रमांक काही केल्या आठवेना. लिफ्टचं दार उघडलं आणि ती मासळीबाजाराच्या दिशेने चालू लागली.

वर येऊन फाईल काढली. क्रमांक पहिल्याच पानावर होता, ठळक अक्षरांत.

तुम्ही हसताय ना मला? खुशाल हसा. पुळी कुठे होती, डावीकडे की उजवीकडे, तुम्हीही पटकन सांगाल. तिचा क्रमांकसुद्धा मी तुम्हाला सांगितला आहे, ती कक्षात पहिल्यांदा आली तेव्हाच. पान न उलटता सांगा पाहू, कितवी आली होती?

नाही ना आठवत? मग आमच्याकडे या. कक्षात एक जागा रिकामी आहे, आणि कामाला लागणारे सगळे गुण तुमच्यात आहेत. येताना तेवढं तोंड धुऊन या.