नोटेवरची आत्या

देशाच्या नोटेवर कुणाचा फोटो असावा, यावर टीव्हीत कोट घातलेली माणसं तासतासभर भांडतात आणि काही न ठरवता जेवायला जातात. मी आमच्या वाडीच्या नोटेचा निकाल एका बैठकीत लावला! एका! वरच्या आळीनं टाळ्या दिल्या, खालच्या आळीनं दिल्या, आणि चहाचा प्रत्येक कप न फुटता परत गेला. त्यानंतर जे झालं त्याला माझा इलाज नव्हता. म्हणजे थोडासा होता. पण आधी ऐका तर.

मी गोरख. पासलीच्या अलीकडं डोंगराला चिकटून आमची वाडी आहे. तिथं माझी पिठाची गिरण आहे, आणि जत्रा कमिटीचा सेक्रेटरीही मीच. मागच्या जत्रेत सुट्ट्या पैशांनी आमचा जीव खाल्ला. मोबाईलवरनं पैसे द्यावेत तर वाडीत रेंज फक्त देवळामागच्या आंब्यावर, तीही तिसऱ्या फांदीला. पाळणेवाला सुट्ट्यांऐवजी गोळ्या देत होता, आणि भेळवाला त्या गोळ्या घेईना! म्हणून यंदा मी डोकं लढवलं. जत्रेपुरत्या आपल्याच दहा-दहाच्या नोटा छापायच्या. देवळात पैसे देऊन घ्यायच्या आणि दुकानांत चालवायच्या.

"नोट म्हनू नगंस, कुपन म्हन," कमिटीचा अध्यक्ष धनाजी म्हणाला. तो वरच्या आळीचा. "उगं पोलीस यायचं."

"कुपन तर कुपन. पन फोटो कुनाचा?" खालच्या आळीच्या गेनूतात्यांनी विचारलं, आणि बैठक पेटली.

देवाचं आणि महाराजांचं चित्र भेळीच्या तेलकट हाताला लागू द्यायचं नाही, एवढ्यावर लगेच एकमत झालं. तिथनं पुढं एकमतानं वाडी सोडली. धनाजी म्हणाला, "आमच्या आज्याचा टाका. देवळाला जमीन कुनी दिली?"

"खडक दिला, खडक!" गेनूतात्या उसळले. "आमच्या आज्यानं गावाला विहीर खांदली!"

"अन् पानी कवा लागलं तिला?"

"तुझ्या आज्याच्या खडकामुळंच न्हाई लागलं!"

मागनं कुणीतरी ओरडलं, "बैलाचा टाका! बैल कुनाच्या भावकीत न्हाई!"

"कसा न्हाई? माझाच हाय त्यो!" गेनूतात्या म्हणाले.

तेव्हा मी उभा राहिलो. हात वर केला. "फुलाबाईआत्याचा फोटो टाकू," मी म्हणालो.

फुलाबाई माझी आत्या. वय सत्त्याहत्तर. वाडीची सगळ्यात थोरली माहेरवाशीण, पार भोरपलीकडं हिर्डोशीला दिलेली. आमच्याकडं लेक अख्ख्या गावाची असते, तिला आळी नसते. तिला नाही म्हणायची कुणाची छाती आहे? टाळ्या पडल्या.

आता खरं सांगतो. यात माझा स्वतःचा एक डाव होता. आमच्यात जत्रेला लेकींना आणायला घरचं माणूस मुराळी म्हणून जातं. एक मुक्काम करायचा, पाहुणचार घ्यायचा, आणि मानानं लेकीला माहेरी घेऊन यायचं. चार वर्षांमागं ऐन जत्रेच्या तोंडावर गिरणीचा पट्टा तुटला, म्हणून मी गेलो नाही. मोबाईलवर मेसेज धाडला, 'जत्रा आहे. यावे.' आत्या आली नाही. पुढच्या वर्षी मी गेलो तर दारातनंच म्हणाली, "तुझा मेसेज आला व्हता न्हवं मुराळी? त्याला चहा पाजून परत लावला मी." तेव्हापासून तिनं माहेरचं तोंड पाहिलेलं नाही.

मला दुसऱ्या कशाचं नाही, पण माझ्या वडिलांचं वाईट वाटायचं. कोंडिबा त्यांचं नाव, वय ब्याऐंशी. आम्ही त्यांना आबा म्हणतो. दर जत्रेला सकाळपासून पारावर बसून एसटीची वाट बघतात. यंदा म्हणाले, "एवढ्या जत्रंला तरी फुलीला आन रं. फुडली जत्रा मला गावती का न्हाई, कुनाला ठावं?" ऐकून गलबलून आलं मला. म्हणून ठरवलं, नोटेवर आत्याचा फोटो छापायचा, पहिली नोट घेऊन मुराळी जायचं, आणि आत्याला विरघळवायचं!

"अवो, त्यापरीस सरळ जाऊन पाया पडा की," बायको मंगल म्हणाली.

"तुला राजकारन कळत न्हाई," मी म्हणालो आणि भोरची एसटी पकडली.

छापखानेवाला तरणा होता. मी मोबाईलमधला आत्याचा फोटो दाखवला. तिच्या मुलाच्या, कुमारच्या लग्नातला. डोक्यावर पदर, नजर समोर, चेहरा गंभीर, कारण पंगत उशिरा बसली होती. "आत्या हाय माझी," मी म्हणालो. "काम भारदस्त पायजे."

त्यानं मला बसायला खुर्ची दिली. पाणी दिलं. "वय काय, मामा?"

"सत्त्याहत्तर."

"म्हणजे सोनं झालं म्हणायचं."

"सोनंच हाय आत्या!" मी म्हणालो. "दोन हजार छापा."

"दोन हजार? लई मोठा गोतावळा!"

"लोक तर येनारच! यंदा पाळना बी मोठा हाय."

तो जरा थबकला. कोपऱ्यात 'दहा रुपये' लिहायला सांगितलं तेव्हा आणखी थबकला. मग "प्रत्येक गावाची रीत येगळी," असं पुटपुटत कामाला लागला. वर म्हणाला, "असल्या कामात मी नफा घेत नाही." बघा! आमच्या जत्रेचं नाव भोरपर्यंत पोचलेलं!

नोट काय सुरेख झाली! मधे गोलात आत्या, भोवती झेंडूचा हार, दोन्ही बाजूंना पेटती समई. खाली नाव, 'वाडीची थोरली लेक', जत्रेची तारीख, 'सकाळी ९ पासून, देवळासमोर' आणि 'भोजनाची सोय आहे'. दहा रुपये कोपऱ्यातल्या फुलाखाली झाकले होते, पण म्हटलं असू दे, शोभा महत्त्वाची. येताना वेल्ह्यात रेंज भरपूर होती. नोटेचा फोटो काढला, मोबाईलच्या स्टेटसला ठेवला, खाली लिहिलं, 'आमची आत्या', आणि पुढं जोडलेल्या हातांची तीन चित्रं टाकली. मग वाडीत आलो. वाडीत रेंज नाही हे मघाशी सांगितलंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुराळी निघायच्या तयारीत, तोवर गुंजवण्याचे पाहुणे आले. तीन मोटरसायकली, सात माणसं. थेट आबांच्या गळ्यात पडले. "कोंडिबा, धीर धरा."

"कशाचा?"

"फुलाबाई गेल्या न्हवं!"

आबा मटकन खाली बसले. आणि मी? शपथेवर सांगतो, मला तिळमात्र शंका आली नाही! कालच आत्याची नोट छापली आणि आज आत्या गेली! मंगलनं विचारलं, "पन सांगितलं कुनी?"

"सगळ्यांच्या मोबाईलवर आलंय," पाहुणे म्हणाले.

"इतक्या जनांच्या मोबाईलवर आलंय म्हंजी खरंच असनार," मी म्हणालो आणि मोठ्यानं रडायला लागलो. मंगलनं कुमारला फोन लावायला एका पोराला आंब्यावर चढवलं, पण हिर्डोशीचाही फोन लागेना.

आबा उठले. पेटी उघडली. तळातनं घडीची साडी काढली. "चार वर्सांमागं घेतली व्हती, जत्रंला नेसवीन म्हून," ते म्हणाले. "आता शेवटची म्हून न्यायची." मग कुणालाच राहवेना. ज्या दोन आळ्या एका पंगतीला बसत नाहीत त्या एका टेम्पोत बसल्या, मागनं पाहुण्यांच्या मोटरसायकली. खड्ड्यात आदळलो की धनाजी गेनूतात्यांना धरायचा आणि गेनूतात्या धनाजीला. खिंड ओलांडून भोर, भोरवरनं हिर्डोशी, सगळी वाट बायकांनी आत्याचे गुण गायले.

हिर्डोशीत टेम्पो शिरला तेव्हा आत्या अंगणात बाजेवर कुरडया घालत बसली होती.

तिनं काय बघावं? अख्खं माहेर टेम्पोतनं गळा काढत येतंय! एवढं गाव कशासाठी येणार? तिच्या हातातला सोऱ्या खाली पडला. "माझा कोंडिबादादा गेला गं!" असा तिनं हंबरडा फोडला आणि धावत सुटली. इकडनं आबा काठी टाकून उतरले. त्यांना धड दिसत नाही. समोरनं कुणी बाई रडत येतेय, एवढंच कळलं. दोघांनी एकमेकांच्या गळ्यात गळे घातले.

"माझी फुली गेली गं!" आबा रडले.

"माझा दादा गेला गं!" आत्या रडली.

चांगली दोन मिनिटं हे चाललं. टेम्पोतलं कुणीही हलेना. मग आत्यानं नाक पुसलं, हातभर मागं सरकली आणि आबांचं तोंड न्याहाळलं.

"दादा?"

"फुले?"

"तू गेला न्हाईस?"

"तू गेलीयास न्हवं!"

"कोन म्हनतंय मुडदा?" आत्या कडाडली.

कुमार घरातनं धावत आला. गुंजवण्याच्या पाहुण्यांनी त्याच्यापुढं मोबाईल धरला. हार, समया, तारीख, वेळ, भोजनाची सोय, जोडलेले हात. आणि वर स्टेटस कुणाचं, तर माझं नाव! साठ माणसं एकाच वेळी माझ्याकडं वळली. आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

"आत्या, नोट हाय ती!" मी हात जोडून ओरडलो. "दहाची हाय! फुलाखाली बघा!"

आत्यानं मोबाईल डोळ्याजवळ धरला. एकेक फूल तपासत अखेर तिला दहा रुपये सापडले. मग ती हळूहळू म्हणाली, "जित्तेपनी एक मुराळी धाडला न्हाईस, अन् मेल्यावर आख्खं गाव आनलंस व्हय रं?" आणि बाजेवर बसून जी हसत सुटली ती कुरडया मोडेपर्यंत! आबा तर तिचा हात सोडेनात. "हायस न्हवं? हायस न्हवं?" एवढंच चाललं होतं. मंगलनं मला कोपरानं ढोसलं, तेव्हा मी पुढं झालो आणि आत्याच्या पायांवर डोकं ठेवलं.

"मुक्काम करावा लागंल मुराळ्याला," आत्या म्हणाली.

"करतो की!"

"सगळ्यांनीच करा. कुमार, भात टाकाया सांग!"

साठ मुराळ्यांनी हिर्डोशीत मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी आत्या आबांनी आणलेली साडी नेसून टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसली, आणि आठवडाभर आधीच माहेरी आली.

जत्रेत नोटा धडाक्यानं चालल्या! पाळण्याजवळ दोन खुर्च्या टाकल्या होत्या, एकीवर आत्या आणि एकीवर आबा. भेळवाल्यावर तिची करडी नजर. "ए, माझं त्वांड चटणीत बुडवू नगंस!" आबा दिवसभर लहान पोरासारखे हसत होते. असा आनंद मी त्या घरात कित्येक वर्षांत पाहिला नव्हता.

शेवटच्या संध्याकाळी कमिटी बसली. पुढच्या वर्षी नोटेवर कुणाचा फोटो? धनाजीनं आज्याचं नाव काढायच्या आत आत्या उठली. "फुडल्या साली ह्याचा छापा. माझ्या गोरखचा. हारासकट अन् समयांसकट!"

दोन्ही आळ्यांनी इतका वेळ टाळ्या वाजवल्या की मला भरून आलं. ठराव एकमतानं मंजूर! मी छाती काढून घरी आलो आणि मंगलला बातमी सांगितली. तिनं आधी मीठमोहऱ्यांनी माझी दृष्ट काढली. मग पदर खोचत म्हणाली, "अवो, तुमच्या इम्याची कागदं कुठं ठेवलीत, तेवढं दाखवून ठेवा."