काळजी होती, कशाची ते विसरलो

पहाटे साडेचारला माझ्या दाराची बेल वाजली. दार उघडलं तर समोरच्या घरातले भालेराव काका. अंगात स्वेटर, डोक्याला कानटोपी, हातात टॉर्च.

"मॅडम, तुमची बेल वाजते ना?"

"वाजते काका. म्हणून तर दार उघडलं मी."

"हां. खात्री करून घेतलेली बरी," असं म्हणून ते समाधानाने परत गेले. मी मात्र बराच वेळ दारातच उभी होते. यातून नक्की कोणाची कसली खात्री झाली, ते मला काही केल्या उमगेना.

विश्रांतवाडीतल्या या घरात मी नुकतीच राहायला आले होते. मुलगी नोकरीसाठी बंगळुरूला गेली होती, आणि नवरा त्याच्या बराच आधी दुसरीकडे. एका शाळेच्या ऑफिसात मी काम करते. शेजार कसा आहे, एवढंच मला माहीत करून घ्यायचं होतं. ते पहिल्याच आठवड्यात झालं.

काकांचं सगळं आयुष्य सरकारी कचेरीत गेलं. पहाटेची काळजी म्हणजे आलेला अर्ज, असं ते सांगतात. "अर्जावर काहीतरी शेरा मारावाच लागतो, मॅडम. नुसतं अंथरुणात पडून राहिलं की त्या एका अर्जाची फाईल होते." त्यामुळे जाग आल्याबरोबर काका उठतात, चपला घालतात, आणि जिथली काळजी असेल तिथे जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघून येतात.

सुरुवात साधी असते. गॅस बंद आहे का? आहे. पण मग शेजाऱ्यांचा? एकदा काका तिसऱ्या मजल्यापासून तळापर्यंत प्रत्येक दाराच्या फटीला नाक लावून वास घेत उतरले. खालच्या कुलकर्ण्यांनी नेमकं त्याच वेळी दूध घ्यायला दार उघडलं. "काय हवंय?" त्यांनी विचारलं. "काही नाही. तुमचा वास येत नाहीये," काका म्हणाले. कुलकर्णी अजून त्यांच्याशी बोलत नाहीत.

लिफ्टची दोरी तुटेल असं वाटलं, तेव्हा त्यांनी रिकामी लिफ्ट सहा वेळा वरखाली पाठवली. त्यांच्या पत्नी, कुसुमकाकू, निवृत्त शिक्षिका आहेत. त्या दारातूनच म्हणाल्या, "लोक कुत्रं फिरवतात, आमच्याकडे लिफ्ट फिरवतात."

पेन्शनीसाठी दर वर्षी आपण जिवंत असल्याचा दाखला बँकेत द्यावा लागतो. तो दिलाय की नाही, ही काळजी काकांना पहाटे पाचला लागली. दहापर्यंत ते बँकेच्या पायरीवर बसून राहिले. शटर वर जाताच आत जाऊन म्हणाले, "मी जिवंत आहे का, तेवढं बघून सांगा." काउंटरवरच्या बाईंनी कॉम्प्युटरमध्ये बघितलं आणि "आहात" म्हणाल्या. काका खूश होऊन घरी आले. काकू म्हणाल्या, "पाच तास पायरीवर बसलात, तेव्हाच शंका फिटायला हवी होती." मग बाहेरच्या खोलीतल्या बुद्धांच्या तसबिरीकडे हात करून म्हणाल्या, "एवढे समोर बसलेत शांत. जरा त्यांच्याकडे बघून तरी शिका."

"त्यांना पेन्शन नव्हती," काका म्हणाले.

तर अशा काकांची नि माझी दोन महिन्यांत चांगली गट्टी जमली. कारण अगदी सोपं होतं. त्यांनी बेल वाजवली की मी दार उघडायची. कधी माझ्या नळाची चौकशी, कधी गच्चीच्या कुलपाची. मला स्कूटर येते हे कळल्यावर तर मी जवळजवळ नोकरीवरच लागले.

मग तो गुरुवार आला. बेल वाजली. दारात काका, पण टॉर्च नाही, आणि दोन पायांत दोन वेगळ्या चपला.

"मॅडम, गोंधळ झालाय."

"काय झालं?"

"काळजी आहे. जोरात आहे. पण कशाची, ते आठवत नाही."

त्यांच्या मागून काकूंचा आवाज आला, "आज सुट्टी समजा आणि झोपा!"

"असं कसं झोपू? काहीतरी आहे ना ते!" काका खरोखरच घाबरले होते. आजवर त्यांना काळजीचं नाव-गाव माहीत असायचं, पत्ता शोधत जाता यायचं. आज कुठे जायचं?

मी एकेक विचारत गेले. गॅस? बघितला. टाकी? भरली आहे. स्कूटर? खाली जाऊन बघितली, होती. बँक? "जिवंत आहे, मागेच विचारलंय." दर वेळी काका क्षणभर डोळे मिटून आत चाचपून बघायचे आणि मान हलवायचे. "ही नव्हे." शेवटी म्हणाले, "हडपसरला प्रमिला असते. माझी बहीण. तिची असेल का?"

"फोन करू या."

"पहाटे पाचला फोन वाजला तर ती घाबरेल. जाऊ या."

आम्ही स्कूटरवरून निघालो. थंडी होती, रस्ते मोकळे होते. येरवड्याला कारागृहाच्या लांबलचक भिंतीशी आलो, तसं काकांनी माझ्या खांद्यावर थोपटलं. मी गाडी थांबवली.

"आपलं कोणी आत नाही ना?"

"नाही काका."

"नक्की?"

आता काय सांगायचं? त्या वेळी, त्या अंधारात, त्या भिंतीकडे बघताना मलाही क्षणभर वाटलं की असेलही कोणी. माझ्या चुलत-मावस नातेवाइकांची नावं मी मनात मोजली. "नक्की," मी म्हटलं आणि गाडी पुढे काढली.

प्रमिलाताईंनी दार उघडलं आणि भावाला बघून विचारलं, "कोण गेलं?"

"कोणी नाही. तू ठीक आहेस ना?"

"मी हाय की! दार कोणी उघडलं मग?"

"तेच बघायला आलो."

"कुसुमवहिनी?"

"ती झोपलीय."

"मग आलास कशापायी?"

"तेच आठवत नाही."

ताईंनी माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले. आम्ही तिघंही तसेच उभे होतो, आणि तिघांपैकी एकालाही काय चाललंय ते कळत नव्हतं. शेवटी ताईंनीच मार्ग काढला. चहा ठेवला.

पहिला घोट घेतल्यावर त्यांनी मला सहज विचारलं, "आनि ताई, तुमची झोपमोड केली ह्यानं. का तुमाला बी झोप न्हाई?"

एवढंच विचारलं. "नाही हो, त्यात काय," असं म्हणायला मी तोंड उघडलं, आणि बाहेर भलतंच आलं. छातीत एक गाठ हाताला लागली होती. डॉक्टरांनी लगेच तपासणी करायला सांगितलं होतं. त्याला दोन महिने झाले. मुलीला सांगितलं नव्हतं, कोणालाच नव्हतं. रोज पहाटे चारला मला जाग यायची, आणि छताकडे बघत मी आपल्याला काय काय झालं असेल ते ठरवत पडून राहायची. उजाडलं की वाटायचं, काही नाही, पुढच्या आठवड्यात जाऊ. हे सगळं मी एका अनोळखी बाईसमोर बोलले.

काकांनी कप खाली ठेवला.

"हीच," ते म्हणाले.

"काय हीच?"

"हीच काळजी होती. तुमची. सापडली."

"पण तुम्हाला कसं माहीत असणार? मी आत्ता पहिल्यांदा बोलले."

"काय आहे ते माहीत नव्हतं. काहीतरी आहे, ते माहीत होतं. मी बेल वाजवतो तेव्हा सगळी सोसायटी मला शिव्या घालते. तुम्ही एकदाही 'काका, ही काय वेळ आहे?' म्हणाला नाहीत. पहिल्या बेलला दार उघडता, केस विंचरलेले असतात. काल रात्री ठरवलं होतं, उद्या विचारायचंच. पहाटे उठलो तर विचारायचं काय, तेच डोक्यातून गेलेलं."

हे खरं होतं, की त्यांनी तिथल्या तिथे जुळवलं, ते मला आजही कळलेलं नाही. पण त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला होता. प्रमिलाताई उठून माझ्या शेजारी येऊन बसल्या आणि माझा हात धरून म्हणाल्या, "आजच जायाचं. उद्या न्हाई."

काका बरोबर आलेच. तपासणीच्या ठिकाणी काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "आपण पेशंटचे कोण?" काका गोंधळले. बराच विचार करून म्हणाले, "समोरचा."

"म्हणजे?"

"दार समोर आहे माझं."

तिने 'नातेवाईक' असं लिहून घेतलं. मी बाहेर आले तेव्हा काका माझी पर्स दोन्ही हातांनी छातीशी धरून बसले होते आणि पायांत अजून त्या दोन वेगळ्या चपलाच होत्या. बघून मला इतकं हसू आलं की शेजारची माणसं वळून बघायला लागली.

त्याच संध्याकाळी मी मुलीला फोन केला. ती आधी रडली, मग रागावली, मग शनिवारची तिकिटं काढली. रिपोर्ट यायला चार दिवस लागले. गाठ साधी निघाली. सहा महिन्यांनी पुन्हा दाखवायचं, एवढंच.

त्या चार दिवसांत माझी बेल एकदाही वाजली नाही. मला ते खटकलं. चौथ्या पहाटे, मुलगी आत झोपलेली असताना, न राहवून मीच दार उघडलं. काका जिन्याच्या पायरीवर बसले होते, अंगाभोवती शाल घेऊन. त्यांच्या घराचं दार अर्धवट उघडं होतं.

"बेल का नाही वाजवलीत?"

"झोप लागली असली तर?" ते हळूच म्हणाले. "म्हटलं, इथेच बसावं."

मी त्यांच्या शेजारी बसले आणि विचारलं, "काका, तुमची आजची काळजी कुठली?"

"रोजचीच," ते म्हणाले. त्यांचा आवाज फारच खाली गेला होता. "जाग आली की आधी कुसुमच्या नाकाशी बोट धरतो. श्वास चालू आहे का बघतो. चालू असतो. खात्री झाली, म्हणजे संपायला हवं ना? पण ती एकच काळजी अशी आहे, की बघितलं तरी संपत नाही. आज चालू आहे, उद्याचं काय? मग मी बाहेर पडतो. संपणारी एखादी शोधायला. गॅस, लिफ्ट, असं काहीतरी."

या माणसावर सगळी सोसायटी हसते, मीही हसले होते.

तेवढ्यात अर्धवट उघड्या दारातून आवाज आला.

"अहो, बोट गार असतं तुमचं. आधी चोळून तरी घेत जा."

काका दचकले. माझ्याकडे बघून कुजबुजले, "म्हणजे ती जागी असते?"

"तसंच दिसतंय."

"रोज?"

"रोज!" आतून उत्तर आलं. "उठून बसले तर तुम्हाला वाटायचं, तुमच्यामुळेच जाग आली. म्हणून पडून राहते. आता आत या, गारठाल."

काका उठले. शाल सावरली, दारापर्यंत गेले, आणि तिथे थांबून त्यांनी दोन्ही तळहात एकमेकांवर नीट, बराच वेळ चोळले. मग आत गेले.