एकदा साखरशेत म्हणा

जव्हारात कुणालाही माइकपुढे उभं राहायचं असेल, तर आधी 'साखरशेत' म्हणावं लागे. नवरीचा मामा असो की मामलेदार, सुटका नव्हती. भोयेदादा अँप्लिफायरमागे उकिडवे बसत, डोळे मिटत आणि म्हणत, "एकदा साखरशेत म्हणा." माणूस बुचकळ्यात पडून म्हणे. झाडाला टांगलेल्या कर्ण्यातून ते गाव ऐकू येई. मग दादा अँप्लिफायरमधला एक व्हॉल्व्ह, बल्बसारखी काचेची नळी, काढून दुसरा बसवत. "आता परत."

साखरशेत हे इथून जवळचं, भाताचं नि नाचणीचं गाव. स, ख आणि श एका दमात म्हणताना आवाजाची सगळी खोट उघडी पडते, असा मी आपला मास्तरी अर्थ लावला होता. वर्गात तो ऐटीत सांगितलाही होता.

संस्थान असताना दादा वीजघरात नोकरीला होते. विलीनीकरण झालं, नोकरी गेली, आणि ते मोटारीच्या बॅटरीवर चालणारा लाउडस्पीकर घेऊन लग्नं, सभा करत फिरू लागले. संस्थान गेल्याचं त्यांना फारसं दुःख नव्हतं. "पण मास्तर, तवा माणसं हळू बोलायची. आता सगळीच वरडतात." ओरडणाऱ्यांसाठी त्यांनी लढाईनंतर मोडीत निघालेला एक अमेरिकन व्हॉल्व्ह राखून ठेवला होता. तो जाड कातडीचा. विलायती खाकरून बोलणारा. हॉलंडचा तोंडात गूळ धरून बोलणारा. सगळ्यांवर छापलेला नंबर तोच, दिसायलाही सारखे. पण शिसपेन्सिलीने टिचकी मारून कर्ण्याकडे कान दिला की दादांना कोण कुठला ते कळे.

खोडाळ्याचे एक पुढारी एकदा चिडले. "मी उभा खोडाळ्यातून, साखरशेतचं नाव का घेऊ?"

"मग भाषण पण तिकडंच करा," म्हणून दादांनी बॅटरीची तार काढली. पुढाऱ्यांना गावाचं नाव तीन वेळा घ्यावं लागलं.

मला त्यांनी कायम विलायतीच दिला. "तुमचा आवाज नाकातून येतो, मास्तर. त्याला ह्योच बरा." हे ते चारचौघांत म्हणत, आणि मला ते फार झोंबे.

त्यांच्या पत्र्याच्या डब्यात अगदी तळाशी, सावरीच्या कापसात गुंडाळलेला आणखी एक हॉलंडचा व्हॉल्व्ह होता. तो ते कधी लावत नसत. "ऱ्हाऊ द्या त्याला," म्हणत. "जळतो तेवढा झिजतो. थोडंच राहिलंय त्याचं."

आमचे हेडमास्तर निवृत्त झाले, तेव्हा निरोपाचं भाषण माझ्याकडे आलं. पंधरा दिवस मी ते पाठ केलं होतं. दादा माझ्यासाठी विलायती बसवून जेवायला गेले, आणि मला दुर्बुद्धी सुचली. मी डबा उघडला, कापूस सोडला, तो व्हॉल्व्ह बसवला आणि आवाज पार वर चढवला.

माझाच आवाज मला ओळखू येईना. शाळेशेजारच्या बायका ऐकायला दारात आल्या. मी फुशारून दुसऱ्या पानावर गेलो, तोच दादा खरकट्या हाताने धावत आले. लांबूनच त्यांना कळलं होतं. आता हे तार काढणार, म्हणून मी धास्तावलो. पण ते माझ्यामागे येऊन थांबले आणि त्यांनी डोळे मिटले. तिसऱ्या पानावर व्हॉल्व्हमध्ये निळा उजेड झाला, कर्णा एकदा किंचाळला आणि गप्प झाला.

पुढचं भाषण मी कसंबसं ओरडून संपवलं. लोक पांगल्यावर दादांपाशी गेलो. ते तो व्हॉल्व्ह धोतराच्या सोग्यात धरून बसले होते.

"दादा, मुंबईहून नवा आणून देतो. अगदी असाच."

"आणा. पण आता कोणाच्या आवाजाला लावून बघू?"

मला काही कळेना. मग तेच हळूहळू सांगू लागले. "आमची मंडळी साखरशेतची. लग्न झालं त्या साली तिला माइकपुढं उभी केली, म्हटलं, बोल कायतरी. लाजली. मग माहेरचं नाव घेतलं. होते तेवढे व्हॉल्व्ह लावून बघितले. ह्याच्यात ती घरात बोलायची तशीच बोलली." दुसऱ्याच वर्षी ती तापाने गेली, हे मी गावात ऐकून होतो. साखरशेत मात्र मला आज कळत होतं.

"मग मला थांबवलं का नाही, दादा?"

"तुमच्या भाषणात दोनदा 'विद्येचं शेत' आलं. तेवढं 'शेत' तिच्यासारखं आलं. म्हटलं, अजून येकदा येईल."

ते वाक्य मी टाळ्या मिळाव्यात म्हणून घातलं होतं. स्वतःची इतकी लाज मला पूर्वी कधी वाटली नव्हती आणि पुढेही वाटली नाही.

मुंबईहून मी दोन व्हॉल्व्ह आणले. दादांनी ते घेतले, चांगले आहेत म्हणाले. त्यानंतर जामसरला एका लग्नात आमची गाठ पडली. नवरीचा मामा माइकपुढे उभा राहिला आणि रीतीप्रमाणे दादांकडे बघू लागला. "काय म्हणू, दादा? साखरशेत?"

दादा तारा गुंडाळत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

"काय बी म्हणा," ते म्हणाले.