माझं मशीन आणि ते गुंजाळसाहेब

गुंजाळसाहेबांचं दुपारचं जेवण तीन ठिकाणांहून यायचं. भाकरी केडगावच्या एका मावशींकडून, भाजी सावेडीतल्या खानावळीतून आणि चटणी-लोणचं ऑफिसमागच्या टपरीवरच्या काकूंकडून. आठवड्यातून एकदा तरी भाकरी पोचायची आणि भाजीचा पत्ता नसायचा. तेव्हा साहेब चटणीला भाकरी लावून खायचे आणि लढाई जिंकल्यासारखे आमच्याकडे बघायचे. "जेवन थांबलं का? एकाला खोकला झाला म्हनून सगळ्यांनी झोपायचं न्हाई!"

मला हा माणूस पहिल्या दिवसापासून आवडला नाही. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना मीठमसाला किती धरायचा ते तुम्हाला ठरवता येईल.

आमचा दूध संघ नगरच्या बाहेर आहे. जिल्ह्याचं नाव बदललं, पण तोंडातलं नगर काही जात नाही. गावोगावचं दूध, पशुखाद्य, टँकरच्या फेऱ्या, आमचे पगार, संघाचं सगळं काम एका मोठ्या जुन्या मशीनवर चालायचं. पुण्याची माणसं त्याला मेनफ्रेम म्हणायची. आम्ही नुसतं मशीन म्हणायचो. आणि ते मशीन मी सांभाळायचे. थंडगार खोली, चपला दाराबाहेर. चेअरमनसुद्धा आले तरी मी त्यांच्या पायांकडे बघायचे आणि ते निमूट वाकून चपला काढायचे. ते सुख पगारात मिळत नाही.

मशीन रुसलं की टँकर फाटकाशी उभे राहायचे आणि अख्ख्या संघात एकच वाक्य फिरायचं, "सुनंदाताईंना बोलवा." नणंदेच्या लग्नात, हातात अक्षता असताना, मला जीप पाठवून उचलून आणलं होतं. नणंद अजून त्यावरून टोमणे मारते. मला मात्र त्या जीपमध्ये राणीसारखं वाटलं होतं.

अशा माझ्या राज्यात गुंजाळसाहेब आले. मूळचे पारनेरकडचे, सगळी नोकरी पुण्यात काढलेली, तरी बोलणं शिवारातलंच. संघानं त्यांना मशीन काढून नवी व्यवस्था बसवायला आणलं होतं. पहिल्याच दिवशी त्यांनी सगळ्यांना जमवलं आणि चहा घेऊन आलेल्या आमच्या शिपायाला, बबनला, मध्ये उभं केलं.

"तुमी बबनला चहा सांगता. तो कुठल्या पातेल्यात उकळला, कुनी उकळला, इचारता का? न्हाई. चहा मागितला, चहा आला. ही झाली सर्व्हिस. आता ह्योच बबन चहा आननार, टपाल नेनार, फाटक उघडनार, बिलं बी करनार. आन् उद्या ह्याचा पाय मुरगळला, तर?"

सगळे बबनच्या पायाकडे बघायला लागले. पुढचे काही दिवस बबन जिना कठड्याला धरून उतरत होता.

"म्हनून कामं वेगळी करायची. दुधाचं वेगळं, खाद्याचं वेगळं, टँकरचं वेगळं. ज्याला जे लागंल त्यानं ते दुसऱ्याकडून मागून घ्यायचं. सगळं एकाच्या डोक्यावर न्हाई टाकायचं."

हे बोलताना ते माझ्या मशीनकडे बघत होते. मला वाटलं, माझ्याकडेच बघतायत.

मग एकेक काम माझ्या खोलीतून बाहेर पडायला लागलं. आधी पशुखाद्य गेलं. मग टँकर. लेकी सासरी जाव्यात तसं, पण इथे कुणी रडत नव्हतं, उलट पेढे वाटत होते. शेवगावकडचे टँकर ड्रायव्हर दर हिवाळ्यात माझ्यासाठी हुरडा आणायचे. त्या वर्षी ती पिशवी माझ्या टेबलावरून पुढे गेली. माझ्या डोळ्यांदेखत.

"हे साहेबांसाठी हाय," ड्रायव्हर म्हणाला. मग माझं तोंड बघून म्हणाला, "ताई, तुमालाबी देतो की थोडा."

थोडा!

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "माणूस म्हणतोय ते काही चूक नाही." त्या रात्री मी त्याला आमटी वाढली, पण त्यात मीठ आहे का, ते विचारलं नाही.

मी एकाच गोष्टीची वाट बघत होते. नवीन व्यवस्था कधीतरी बंद पडणार, आणि मग सगळे चपला काढून माझ्या दारात उभे राहणार. आणि एका सकाळी बबन धावत आला. "ताई, खाद्याचं बंद पडलं!"

मी पदर सारखा केला. चष्मा पुसला. खुर्ची जरा दाराकडे वळवून बसले.

कुणी आलं नाही. खिडकीतून बघितलं तर टँकर एकामागून एक फाटकातून आत येत होते. दूध मोजलं जात होतं. गुंजाळसाहेब अंगणात उभे राहून सीताफळ खात होते. दुपारपर्यंत खाद्याचंही सुरू झालं. मी खुर्ची पुन्हा भिंतीकडे वळवली. आयुष्यात इतका राग मला सासूचाही आला नव्हता.

शेवटी मशीन बंद करायचा दिवस उजाडला. नारळ फोडला, टाळ्या झाल्या, चेअरमननी सत्कार केला, गुंजाळसाहेबांचा. माणसं पांगली. मी आत जाऊन बसले. पंख्यांचा आवाज थांबल्यावर ती खोली एवढीशी वाटायला लागली.

साहेब दारात आले. चपला काढल्या. आता त्याची काही गरज नव्हती.

"ताई, तुमी शेवटची रजा कधी काढल्ती?"

"रजा? मी नसले की इथं सगळं अडायचं," मी तोऱ्यात म्हटलं.

"व्हय. मंदाबी असंच म्हनायची."

मंदा म्हणजे त्यांची बायको. ती आता हयात नाही, एवढंच आम्हाला माहीत होतं. ते समोरच्या स्टुलावर बसले.

"घरातलं सगळं तिच्याकडं. आईचं पथ्य, पोरीची शाळा, माझे मोजेसुदिक. मला चहाची पूड कुठं असती ते ठावं नव्हतं. मी लई कौतुक करायचो, मंदाशिवाय आमचं पान हालत न्हाई म्हनून. मग ती दवाखान्यात पडली. आन् मी तिला फोनवर फोन. हे कुठं हाय, ते कुठं हाय. नाकाला नळी लावलेली, तरी उचलायची बिचारी. शेवटच्या सांजेला फोन केला, म्हनलं आईच्या गोळ्या सापडंनात. म्हनली, निळ्या डब्यात बघा."

त्यांनी बंद मशीनवरची धूळ बोटानं पुसली.

"तेवढंच. तुला कसं वाटतंय, हे इचारायचं राहून गेलं."

"गोळ्या सापडल्या का?" असं काहीतरी मी विचारलं. त्यांनी मान हलवली, "सापडल्या की," आणि उठून गेले.

पुढच्या आठवड्यात मी रजा टाकली आणि पुणतांब्याला बहिणीकडे गेले. पहिल्या दिवशी दिवसभर फोन हातातच. एकदाही वाजला नाही. संघ माझ्याशिवाय चालला होता, आणि मला त्याचा आनंदही होत नव्हता आणि पूर्वीइतका संतापही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोघी गोदावरीच्या घाटावर बसलो होतो, तेव्हा फोन आला. गुंजाळसाहेब. मी घाईनं उचलला.

"काय बंद पडलं?"

"काय न्हाई. समदं चालू हाय."

"मग?"

त्यांच्या मागे कुठलाच आवाज नव्हता, ना टीव्हीचा, ना माणसांचा. त्यांनी घसा खाकरला.

"न्हाई, आपलं... बऱ्या हाय ना तुमी? नदीला पानी हाय का?"

मी नदीकडे बघितलं. पाणी आहे म्हटलं, पलीकडच्या काठापर्यंत आहे. पायऱ्यांवर एक आजी नातीचे केस विंचरतेय, ती पोर सारखी पळतेय. समोर दोन गाई पाण्यात उतरल्यात. ते "व्हय का? मग?" म्हणत राहिले आणि मी सांगत राहिले.

बहिणीनं खुणेनंच विचारलं, कोण?

मी फोनवर हात ठेवला. "आमचे गुंजाळसाहेब आहेत. थांब जरा, त्यांना अजून बोलायचंय."